अन्नाची वहिवाट
(आदिवासी कवितांच्या एका संग्रहाची प्रस्तावना)

कोल्हापूर हे आपल्या जेवणावरून ओळखले जाणारे गाव आहे आणि या ओळखीचा गावाला मनापासून अभिमान आहे. परगावचा पाहुणा अंबाबाईच्या देवळातून बाहेर पडला की त्याला तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीला बसविल्याखेरीज पाहुणचार पुरा झाला असे येथे कोणी मानीत नाही. गुळाच्या ढेपेचा नुसता रंग पाहून ती कोणत्या अंगाच्या मळीची आहे हे सांगणारी माणसे अजून बाजारात भेटतात. अन्न आणि ओळख यांचा संबंध अशा गावाला समजावून सांगावा लागू नये. तरीही एका संध्याकाळी तो आम्हांला समजावून घ्यावा लागला, आणि तोच प्रसंग या संग्रहाच्या मुळाशी असल्यामुळे प्रस्तावनेचा आरंभ त्यापासून करणे मला प्राप्त आहे.

काही वर्षांपूर्वी, फाल्गुनाच्या अखेरीस, शहरातल्या एका लहानशा सभागृहात सातपुड्याच्या अक्राणी भागातून आलेला एक तरुण कवी आपल्या कविता वाचीत होता. दुसऱ्या की तिसऱ्या कवितेत मोहाचा उल्लेख आला आणि सभागृहात हसू पसरले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. मोह म्हणजे दारू एवढेच आम्हां सर्वांना ठाऊक होते, आणि दारूचे नाव निघाले की चारचौघांत जसे हसू फुटते तसे ते फुटले. मीही हसलो. कवी थांबला. त्याने खांद्यावरच्या थैलीतून एक गाठोडे काढले, गाठ सोडली, आणि पहिल्या रांगेच्या कडेला मी बसलो होतो म्हणून माझ्याच ओंजळीत मूठभर सुकी फुले ठेवली. "सर, आधी हे खाऊन बघा," तो म्हणाला, "मग मी पुढची ओळ वाचतो." ती फुले तपकिरी, बेदाण्यासारखी सुरकुतलेली आणि बोटांना किंचित चिकटणारी होती, एका फुलाला मातीचा बारीक कण लागलेला होता. गुऱ्हाळावर काहील उतरल्यानंतर तिच्या कडेला जी खरवड राहते तिचा वास आणि पावसात भिजलेल्या पालापाचोळ्याचा वास एकत्र केल्यास जे होईल तसा काहीसा त्यांचा वास होता. चव गोड होती. पण ती गोडी जिभेच्या मागल्या बाजूस गेल्यावर थोडी तुरट, थोडी आंबूस होत गेली. "चैत्रात आमच्या आजीनं यावरच घर चालवलं," तो म्हणाला. "आधी हे जेवण. दारू मागून." आणि त्याने कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. या खेपेस सभागृहात कोणी हसले नाही.

ज्या कवितांच्या मुळाशी अन्न आहे अशा आदिवासी कवींच्या कविता, मग त्या मराठीत लिहिलेल्या असोत अथवा भिली, पावरी, गोंडी, कोरकू यांतून मराठीत आलेल्या असोत, एकत्र करण्याची कल्पना त्या रात्री घरी परतताना सुचली, आणि ती पार पडण्यास अपेक्षेपेक्षा पुष्कळच अधिक काळ लागला.

हा उद्योग कोल्हापुरात बसून का करावा, असे विचारले गेले, आणि तो प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांच्या आसपास, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या 9.35 टक्के होती; कोल्हापूर जिल्ह्यात मात्र हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी भरते. नंदुरबार, पालघर, गडचिरोली, मेळघाट हे मुलूख येथून दूर आहेत. तथापि हेच शहर आहे की जेथे गंगाराम कांबळे यांनी काढलेल्या हॉटेलात राजर्षी शाहू छत्रपती स्वतः जाऊन चहा घेत, आणि अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा एक पेला म्हणजे किती मोठा राजकीय प्रश्न असतो हे साऱ्या संस्थानाला दाखवून देत. कोणी कोणाच्या हातचे खावे आणि कोणाचे अन्न अन्न म्हणून गणले जावे, हा प्रश्न येथे शंभर वर्षांपूर्वी भर रस्त्यावर सोडविला गेला. शिवाय गणेश देवी यांचे उच्च शिक्षण याच गावच्या शिवाजी विद्यापीठात झाले. पुढे बडोद्यास 'भाषा' ही संस्था आणि तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभारून त्यांनी आदिवासी वाङ्मयाला मुद्रणाचे जे दालन उघडून दिले, त्याचा एक धागा अशा रीतीने येथवर येऊन पोहोचतो.

मराठीतील आदिवासी कवितेचा इतिहास फार जुना नाही. म्हणजे छापील कवितेचा. 1979 साली चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत विनायक तुमराम यांचा 'गोंडवन पेटले आहे', वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' (1987) आणि भुजंग मेश्राम यांचा 'उलगुलान' (1990) हे संग्रह प्रसिद्ध झाले. उषाकिरण आत्राम यांच्यासारख्या कवयित्रीने गोंड स्त्रीचा स्वर तीत आणला. या नावांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. 'उलगुलान' हा बिरसा मुंडाच्या बंडाचा शब्द आहे, वणव्याची प्रतिमा तुमरामांच्या संग्रहाच्या नावातच आहे. पण शहादे भागातील श्रमिकांच्या लढ्यात कित्येक वर्षे काढलेल्या वाहरू सोनवणे यांनी मात्र आपल्या संग्रहास घरातल्या पांघरुणाचे नाव दिले. बंड आणि गोधडी, मोर्चा आणि चूल या दोन्ही गोष्टी या कवितेत पहिल्यापासून शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. समीक्षेने बंडाची नोंद घेतली. चुलीची नोंद घ्यावयाची राहून गेली, असे माझे मत आहे, आणि प्रस्तुत संग्रह त्या राहिलेल्या नोंदीसाठी आहे.

मराठी कवितेला अन्न नवीन नाही. वाळवंटातला काला आहे, जनाबाईचे जाते आहे. बहिणाबाई चौधरींनी (1880–1951) चूल, जाते आणि शेत यांच्यापासून जो जीवनविचार उभा केला तो त्यांच्या पश्चात, 1952 साली, ग्रंथरूपाने हाती येताच साऱ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. आणि पुढे कामगारांच्या व दलितांच्या कवितेने भाकरी हा शब्द असा काही धगधगता केला की तो उच्चारताच सभा स्तब्ध व्हावी. परंतु या दीर्घ परंपरेत भाकरी बहुधा एकवचनी राहिली. ती भुकेचे चिन्ह झाली, श्रमाचे झाली, विषमतेचे झाली. ती कोणत्या धान्याची, ते धान्य कोणत्या उतारावर पेरलेले, दळण कोणी दळले आणि भाकरीबरोबर कोणती भाजी होती, हे विचारण्याची गरज कवितेला सहसा पडली नाही. गद्याने ही उणीव काही अंशी भरून काढली. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची जी तपशीलवार मांडणी केली, ती वाचल्यानंतर मराठी स्वयंपाक या शब्दाचा अर्थ पूर्वीइतका अरुंद राहू शकत नाही. वनात हिंडून गोंडांचा अभ्यास करणाऱ्या दुर्गाबाई भागवतांनी स्वयंपाकावर 'खमंग' हे पुस्तक लिहिले, यातही मला विसंगती दिसत नाही. मनुष्यजातीचा अभ्यास करणाऱ्या विदुषीने ताटापर्यंत यावे हे क्रमप्राप्तच होते.

आदिवासी कवितेत भूक आहेच. मेळघाटातील कुपोषण 1993 साली सर्वांसमोर आले त्याच्या कितीतरी आधीपासून ती आहे. परंतु या कवितेतल्या भुकेला तिथी असते. ज्येष्ठ सरता सरता कणगीचा तळ दिसू लागतो तेव्हाची भूक वेगळी, आणि श्रावणात रानात भाजी मुबलक पण तिच्याबरोबर खावयास दाणा नाही तेव्हाची वेगळी. अन्नालाही विशेषनाम असते. नागली, कोसरा, सावा, भगर ही चार धान्ये चार निरनिराळ्या जमिनी मागतात, निरनिराळ्या पावसावर पोसतात आणि त्यांची भाकर, भात किंवा पेज यांची चव निरनिराळी असते. कवी जेव्हा कोसऱ्याचे नाव घेतो तेव्हा त्या नावाबरोबर गडचिरोलीच्या माडिया पट्टीतला एक उतार, त्यावरची पातळ माती आणि ती माती ओळखणारी चार पिढ्यांची नजर ही सारी कवितेत दाखल होतात. त्या जागी नुसते 'धान्य' असे लिहिले असता वृत्त कदाचित सांभाळले जाईल, पण कविता उरणार नाही.

मोहाचा विचार येथे थोडा विस्ताराने करावयास हवा, कारण या संग्रहातील कवितांत त्याच्याइतका वारंवार येणारा दुसरा पदार्थ नाही. माघ-फाल्गुनात मोहाची पाने गळतात आणि निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल रात्रीच्या उत्तरप्रहरी गळू लागते आणि उजाडेपर्यंत गळत राहते. झाड कोणी हलवीत नाही, फांदी कोणी ओरबाडीत नाही. जे आपण होऊन पडेल तेवढेच वेचावयाचे. आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा स्वच्छ केलेली असते, आणि पहाटे, ऊन चढून फूल कोमेजण्यापूर्वी, बायका व मुले टोपल्या घेऊन वाकलेली असतात. अंगणात चार दिवस वाळविले की पांढुरके, रसाळ फूल तपकिरी होते आणि वर्षभर टिकते. ते उकडून खातात, भाजून कुटतात, धान्याच्या पिठात मिसळून भाकरीत घालतात. पुढे फळ धरले की त्याची भाजी होते आणि बियांचे तेल निघते. मोहाच्या ज्या झाडाखाली आजी वेचीत आली त्याखाली नात वेचते. ते झाड कोणत्या घराचे हे गावाला ठाऊक असते, आणि त्यासाठी कोणाच्या दफ्तरात नोंद नसते.

दफ्तरात नोंद झाली ती निराळ्या कारणासाठी. 1878 साली मुंबई इलाख्यात आबकारीचा कायदा आला आणि दारू गाळण्याचा व्यवहार मक्तेदारांच्या हाती एकवटला. परंतु आदिवासीच्या अंगणात फूल वाळते आहे तोपर्यंत महसुलाला गळती राहणारच, हे ध्यानी घेऊन 1892 साली मोहफुलांपुरता स्वतंत्र कायदा झाला, आणि ठाणे-कुलाब्याच्या प्रदेशात स्वतःच्या दारातले फूल साठविणे हाच अपराध ठरू लागला. स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला, अंमलबजावणी फारशी बदलली नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेतही मोहफूल राहिलेच. फुले गोळा करण्यावरची आणि त्यांच्या वाहतुकीवरची बंधने महाराष्ट्र शासनाने उठविली ती 2021 साली. म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षे एका अन्नाकडे सरकारने केवळ मद्याचा कच्चा माल म्हणून पाहिले, आणि सरकारची दृष्टी हळूहळू समाजाची दृष्टी झाली. त्या संध्याकाळी कोल्हापुरात आम्ही जे हसलो ते आमचे स्वतःचे हसू नव्हते. ते आबकारी खात्याने आम्हांला शिकविलेले हसू होते, हे मला पुढे कागदपत्रे चाळताना उमगले आणि त्याची खंत अद्याप गेलेली नाही.

जमीनमहसुलाच्या भाषेत वहिवाट हा एक वजनदार शब्द आहे. मालकीचा कागद नसला तरी पिढ्यान् पिढ्या जो उपभोग निर्वेधपणे चालत आला त्याला वहिवाट म्हणतात, आणि ती शाबीत करता आली तर कागदाशी झगडता येते. 2006 च्या वनहक्क कायद्याने परंपरेने गोळा होत आलेल्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली, आणि 2008 च्या नियमांत हक्काचा पुरावा म्हणून इतर कागदपत्रांच्या बरोबरीने गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदनही ग्राह्य धरले. 2009 साली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि दोन वर्षांनी आपल्या जंगलातील बांबू स्वतःच्या परवान्याने विकण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. आजीने कोणत्या झाडाखाली वेचले, कोणत्या ओहोळातले खेकडे कोणत्या नक्षत्रात धरले, बांबूचे कोवळे कोंब (विदर्भात त्यांस वास्ते म्हणतात) कोणत्या खोऱ्यातून आणले, हे ज्या कवितेत नावानिशी नोंदले गेले आहे ती कविता वाचताना मला त्या नियमांतील वडीलधाऱ्यांच्या निवेदनाचे स्मरण झाल्याखेरीज राहात नाही. कवी न्यायासनासमोर उभा आहे असे मी म्हणत नाही. तो आईची आठवण लिहितो आहे. परंतु त्या आठवणीत अन्नाची वहिवाट अशी तपशिलाने उतरते की जंगलखात्याच्या नकाशावर जेथे नुसती हिरवी शाई आहे तेथे माणसे, झाडे आणि पायवाटा दिसू लागतात. या कवितांचे मला सर्वांत मोठे सामर्थ्य वाटते ते हेच.

या अन्नाला देवताही आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्यात ती कणसरी. सातपुड्यातल्या भिलांची ती याहामोगी, म्हणजे मोगी आई, जिच्या देवमोगऱ्याच्या स्थानी महाशिवरात्रीला महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही बाजूंचे आदिवासी धान्याच्या टोपल्या घेऊन जातात. कणसरीची कथा जेथे गातात तेथे वाद्य म्हणून जेवणाची थाळी वापरतात, हे मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ ऐकण्याचे विसरून पाहातच राहिलो. काशाची थाळी जमिनीवर ठेवलेली असते. तिच्या मध्यावर मेणाचा गोळा लावून त्यात एक सरळ, गुळगुळीत काडी उभी केलेली असते. कथेकरी काडी चिमटीत धरून बोटे वरून खाली ओढतो, पुन्हा वर नेतो, पुन्हा ओढतो, आणि थाळी घुमू लागते. तो नाद भुंग्याच्या गुंजारवासारखा अखंड असतो, आणि त्याच्यावर रात्रभर कथा चालते. ज्या भांड्यात अन्न वाढावयाचे त्याच भांड्यातून अन्नाच्या उत्पत्तीची कथा निघते. यापुढे काव्यशास्त्राला निराळे काय सांगावयाचे आहे, मला कळत नाही. या संग्रहातील काही कवितांची लय छंदशास्त्राने मोजू गेल्यास हाती लागत नाही. ती त्या थाळीची आहे.

ओळख जशी खाण्यात असते तशी न खाण्यातही असते. गोंड आणि माडिया यांच्यात नवे पीक, नवे फळ देवाला व पूर्वजांना अर्पण झाल्याशिवाय तोंडाला लावीत नाहीत. आंब्यासाठीचा मरका पंडुम हा सण होत नाही तोवर पाडाला आलेला आंबाही कोणी खात नाही. भुकेच्या दिवसांत, हाताशी फळ असताना, सारे गाव मिळून थांबते. फळाला पिकण्यास आणि बीजाला बीज होण्यास त्यामुळे अवसर मिळतो, हा त्याचा उपयोग खरा. पण कवितेत येतो तो उपयोग नव्हे, त्या थांबण्यातली आतुरता येते, लहान मुलाने खाली पडलेला आंबा हुंगून पुन्हा जागच्या जागी ठेवणे येते.

येथवर जे लिहिले त्यावरून वाचकाची अशी समजूत होऊ नये की या कवितांतले अन्न सर्वत्र रानातले आणि प्राचीन आहे. तसे ते राहिलेले नाही, आणि कवी तसा देखावा करीत नाहीत. रेशनचा तांदूळ आणि गहू, आश्रमशाळेतली पातळ आमटी, बाजारातली बिस्किटे या कवितांत भरपूर आहेत. नागलीची काळसर भाकर डब्यात असल्यामुळे इतर मुलांच्या देखत डबा न उघडणारा विद्यार्थी इतक्या कवितांत भेटला की त्यांतल्या निवडक घ्याव्या लागल्या. राबाची शेती आणि दळीचे तुकडे जंगलखात्याने आक्रसत नेले, त्याबरोबर डोंगरधान्य मागे पडले आणि सरकारी धान्य पुढे आले. आता नव्या पिढीच्या बालपणीची चव तीच आहे, आणि बालपणीची चव म्हटली की तिच्यावर जीव जडतोच. ही गुंतागुंत केवळ आपल्याकडचीच नाही. 1864 साली अमेरिकन लष्कराने नवाहो लोकांना त्यांच्या भूमीतून हाकलून बॉस्क रेडोंडो येथे डांबले, तेथे वाट्याला आलेले पीठ व चरबी यांतून त्यांच्या बायकांनी तळलेली रोटी निर्माण केली, आणि 1868 साली ते मायदेशी परतले तेव्हा ती रोटीही त्यांच्याबरोबर आली. आज ती त्यांच्या उत्सवांत मानाने खाल्ली जाते आणि बंदिवासाची आठवणही तीच देते. प्रशांत महासागरातील गुआम बेटाचा चामोरो कवी क्रेग सांतोस पेरेझ याने अमेरिकन लष्कराबरोबर बेटावर आलेल्या डबाबंद मांसावर लिहिले आहे. मस्कोगी जमातीची कवयित्री जॉय हार्जो, जी 2019 साली अमेरिकेची राजकवी झाली, तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती साऱ्या जगाचा आरंभ आणि अंत कल्पिला आहे. आपला रेशनचा तांदूळ आणि त्यांचे सरकारी पीठ यांचे नाते कोणा समीक्षकाने जोडून द्यावे लागत नाही. ज्यांच्या हातून जमीन गेली त्यांच्या हाती सर्वत्र एक पोते ठेवले गेले, एवढेच त्यातले समान सूत्र आहे.

अलीकडे वारे फिरले आहे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून साजरे केले आणि नाचणीला 'श्रीअन्न' ही पदवी मिळाली. 9 ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाला जोडून कृषिखाते ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरविते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी पद्मश्री मिळाली, याचा तर कोणासही आनंदच व्हावा. राहीबाईंच्या घरी बियाणे आणि ते राखणारे हात एकाच जागी आहेत. मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. अन्न शहरात पोहोचावे आणि त्याचे माणूस डोंगरातच राहावे, नागली पथ्याची म्हणून महाग विकली जावी आणि ती पिकविणाऱ्याच्या मुलाला तिची लाज वाटतच राहावी, अशी एक शक्यता मला स्पष्ट दिसते. हा संग्रह पाककृतींच्या कुतूहलाने उघडला जाईल तर त्याला माझा विरोध नाही. कुतूहल हेही दारच आहे. मात्र ज्याने दार उघडले त्याने उंबऱ्यावरून चव घेऊन परत फिरू नये, आत येऊन बसावे, एवढी विनंती आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला तर फार दूरही जावे लागणार नाही. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर धनगरवाडे आहेत. सरकारच्या यादीत त्यांचे नाव कोणत्याही रकान्यात असो, नाचणीची भाकर, ताक आणि पावसाळ्यातली कुर्डू, भारंगी, टाकळा हे त्यांचे ताट सातपुड्यातल्या ताटाचे सख्खे भावंड आहे, आणि जंगलावरची आपली वहिवाट शाबीत करण्यासाठी त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास दाखवावा लागतो. त्यांच्या बिरोबाच्या ओव्या या संग्रहात घेता आल्या नाहीत. त्यांचा पसारा मोठा आहे आणि त्यांना स्वतंत्र ग्रंथच हवा. शहरातही मार्गशीर्षात ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. आंबील, वडी-भाकरी, वांग्या-वरण्याची भाजी, कांद्याची पात, गाजर असा नैवेद्य घेऊन हजारो बायका येतात आणि ओळखी-अनोळखीची माणसे मैदानात मांडीला मांडी लावून जेवतात. पिठाची, ताकाची ती आंबट आंबील लहानपणी मी वाट्यांनी प्यालो आहे. पुढे गडचिरोलीत एका शेताच्या बांधावर, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातून एका वृद्ध गोंड शेतकऱ्याने पानाच्या द्रोणात मला आंबील ओतून दिली, तेव्हा पहिल्या घोटाला मला आईची आठवण झाली. "काय बाबा, आवडली का?" त्यांनी विचारले. "आमच्याकडे देवीला दाखवतात," मी म्हणालो. "आमच्याकडे बी देवच पेतो आधी," ते म्हणाले, आणि तुंबा तिरका करून त्यांनी मातीवर चार थेंब सांडले. ते मला वाढण्यापूर्वीही त्यांनी सांडले असले पाहिजेत, माझे लक्ष नव्हते.

आता संपादनाविषयी थोडे. या कवितांतील भाज्यांची, धान्यांची, माशांची आणि भांड्यांची पुष्कळ नावे प्रमाण मराठीच्या कोशांत सापडत नाहीत. प्रत्येक पानाच्या तळाशी टीप देण्याचा प्रयोग करून पाहिला. दहा कविता तशा लावल्या आणि काढून टाकल्या, कारण डोळा ओळीवरून तळाकडे आणि तळावरून ओळीकडे ये-जा करू लागला आणि कविता वनस्पतींच्या यादीसारखी दिसू लागली. शिवाय आजवर असंख्य संस्कृत आणि इंग्रजी शब्द आदिवासी विद्यार्थ्याने टिपेवाचून समजून घेतले आहेत. आपणही थोडे श्रम घ्यावेत हे न्यायाचे होईल. शब्द जेथे पहिल्यांदा येतो त्याच्या आसपासच्या दोन-चार ओळींत त्याचा अर्थ बहुतेक वेळा लागतो. जेथे लागत नाही तेथे तो तसाच राहू दिला आहे.

कवितांचा क्रम कवींच्या वयाप्रमाणे, जमातींप्रमाणे वा जिल्ह्यांप्रमाणे लावलेला नाही. तो अन्नाच्या वर्षाप्रमाणे लावला आहे: फाल्गुन-चैत्रातल्या मोहापासून आरंभ, मग आंबा, मग पहिल्या पावसातले कोंब आणि खेकडे, रानभाज्या, नवे धान्य, कणग्या, आणि शेवटी माघातली उरलीसुरली मूठ. अशा रीतीने कविता लावून झाल्यावर महिन्यांचे गठ्ठे सारखे उतरले नाहीत. कार्तिक-मार्गशीर्षाचा, म्हणजे भरलेल्या कणग्यांचा, गठ्ठा अगदी लहान आहे. आषाढाचा सर्वांत मोठा. आषाढात घरात दाणा नसतो. त्या महिन्याच्या कवितांत जितक्या भाज्यांची नावे आली आहेत तितकी साऱ्या पुस्तकात मिळून अन्यत्र नाहीत.

कोल्हापूर,
फाल्गुन पौर्णिमा